मागे जाणारी वायर कुठे आहे? एका ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमधला निगेटिव्ह फीडबॅक

निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत इनपुटला देणं, म्हटलं की सगळीकडे तीच एक आकृती दाखवतात, एक त्रिकोण, त्याच्या टोकातनं बाहेर पडणारी रेष, ती रेष वळून परत इनपुटकडे येते आणि तिथे एक उणे चिन्ह. आकृती बरोबर आहे, पण ती डोक्यात ठेवून एका ट्रान्झिस्टरचं साधं सर्किट बघायला गेलं की गाडी अडते, कारण तिथे मागे जाणारी वायरच दिसत नाही. ट्रान्झिस्टरचे तीन पाय, बेस, कलेक्टर आणि एमिटर, त्यातल्या बेसला सिग्नल येतोय, कलेक्टरवरून बाहेर जातोय, एमिटरच्या पायाला एक रेझिस्टर लावून तो ग्राउंडला जोडलाय, आणि म्हणे इथे फीडबॅक आहे. कुठे आहे? मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता, सूत्र पाठ होतं, गणितं सुटत होती, पण फीडबॅक कुठून निघून कुठे जातो ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

तर उत्तर असं आहे की मागे जायला वेगळी वायर लागतच नाही. ट्रान्झिस्टरला बेसचं व्होल्टेज कळत नाही आणि एमिटरचंही कळत नाही, त्याला कळतो फक्त दोघांमधला फरक. आपण मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला लावून बेसवर १.८ व्होल्ट मोजतो आणि म्हणतो बेसला १.८ व्होल्ट आहेत, पण ट्रान्झिस्टरला ग्राउंड कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, तो बघतो की बेस एमिटरपेक्षा किती वर आहे. दोन माणसं शेजारी उभी आहेत आणि तुम्हाला फक्त त्यांच्या उंचीतला फरक दिसतो असं समजा, त्यातला एक टाचा उंचावून चार बोटं वर गेला आणि दुसराही त्याच्यासोबत जवळजवळ तितकाच वर गेला, तर तुमच्या लेखी फारसं काही घडलंच नाही. इथे नेमकं तेच होतं. बेस हा इनपुटचा पाय, आणि एमिटर हाही इनपुटचाच दुसरा पाय आहे. हे एकदा मनात बसलं की अर्धं काम झालं, कारण मग दिसतं की जो करंट आपल्याला आउटपुट म्हणून हवा आहे तोच करंट एमिटरच्या रेझिस्टरमधनं खाली जाताना इनपुटच्या एका पायाचं व्होल्टेज वर ढकलतोय. आउटपुटने इनपुटमध्ये हात घातला. यालाच फीडबॅक म्हणायचं.

आता हा हात घालायची गरज का पडते ते बघू, आणि त्यासाठी आधी रेझिस्टर नसताना काय हाल होतात ते बघावं लागेल.

बीसी ५४७ घ्या, सगळ्यात जास्त वापरला जाणारा छोटा ट्रान्झिस्टर. त्याच्या डेटाशीटमध्ये करंट गेन, म्हणजे कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट, ज्याला आपण बीटा म्हणतो, तो ११० ते ८०० असा दिलेला असतो. परत वाचा, ११० ते ८००. त्यात ए, बी, सी असे गट पाडलेले असतात पण एकट्या सी गटातसुद्धा ४२० ते ८०० इतका फरक चालतो. म्हणजे एकाच पाकिटातले दोन ट्रान्झिस्टर, दिसायला सारखे, नंबर सारखा, आणि एकाचा बीटा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. हा कंपनीचा निष्काळजीपणा नाही, बेसचा थर किती पातळ आणि त्यात किती अशुद्धी मिसळली यावर बीटा ठरतो आणि त्यात बारीकसा फरक पडला तरी बीटा भरपूर हलतो.

आता १२ व्होल्टचा सप्लाय, कलेक्टरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, एमिटर थेट ग्राउंडला, आणि बेसला सप्लायवरून २.२ मेगाओहमचा एकच रेझिस्टर, असं सगळ्यात साधं सर्किट लावलं. बेसला साधारण ०.६५ व्होल्ट राहतात, उरलेले ११.३५ व्होल्ट त्या २.२ मेगावर पडतात, म्हणजे बेस करंट साधारण ५.२ मायक्रोॲम्पियर. बीटा २०० असेल तर कलेक्टर करंट १ मिलीॲम्पियरच्या आसपास, ४.७ केवर पावणेपाच-पाच व्होल्ट पडले, कलेक्टर ७ व्होल्टला आला, मस्त, वर-खाली हलायला दोन्हीकडे जागा आहे. मग तो ट्रान्झिस्टर काढून ४०० बीटाचा लावला. करंट दुप्पट, कलेक्टर २.३ व्होल्टवर, खाली जायला जागाच उरली नाही. ८०० बीटाचा लावला तर गणित सांगतं की ४ मिलीॲम्पियर पाहिजेत, पण १२ व्होल्टला ४.७ केमधनं अडीच मिलीॲम्पियरच्या वर काही जाऊच शकत नाही, मग ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे पूर्ण उघडलेल्या अवस्थेत, जाऊन नुसता पडून राहतो, त्याच्याकडनं ॲम्प्लिफिकेशन काही होत नाही. मी पहिल्यांदा ब्रेडबोर्डवर हेच सर्किट लावलं होतं, छान वाजत होतं, मग ट्रान्झिस्टर उडाला म्हणून त्याच नंबरचा दुसरा लावला आणि आवाज घोगरा झाला, मी दोन दिवस सोल्डरिंग आणि वायरी तपासत होतो. दोष वायरींचा नव्हता, सर्किटच असं होतं की ते एका विशिष्ट ट्रान्झिस्टरवर अवलंबून होतं.

आता एमिटरखाली १ किलोओहमचा रेझिस्टर टाकूया, आणि बेसला एकाऐवजी दोन रेझिस्टरचा पोटेन्शियल डिव्हायडर, म्हणजे सप्लाय वाटून ठरावीक व्होल्टेज देणारी जोडी, देऊया, वर ५६ के, खाली १० के. डिव्हायडरचं स्वतःचं व्होल्टेज १.८२ येतं. त्यातले ०.६५ बेस आणि एमिटरच्या मधे खर्च झाले की एमिटरला साधारण १.१ व्होल्ट उरतात, आणि एमिटरखाली १ के आहे म्हणजे करंट १.१ मिलीॲम्पियर. गंमत बघा, हे गणित करताना बीटा कुठे आलाच नाही. अगदी काटेकोर करायचं तर बेस करंट डिव्हायडरला थोडा खाली ओढतो तेवढ्यापुरता बीटा येतो, आणि ते धरून आकडे असे येतात: बीटा १०० असेल तर कलेक्टर करंट १.०७ मिलीॲम्पियर, २०० ला १.१२, ४०० ला १.१४ आणि ८०० ला १.१५. बीटा आठपट झाला आणि करंट हलला आठेक टक्के. मघाशी हाच बदल सर्किट बंद पाडत होता.

हे कसं घडतं ते सावकाश बघू. समजा काही कारणाने, जास्त बीटाचा ट्रान्झिस्टर बसला म्हणून किंवा तो गरम झाला म्हणून, करंट वाढायला लागला. तोच करंट खाली १ केमधनं जातो, त्यामुळे एमिटरचं व्होल्टेज वाढतं. बेसचं व्होल्टेज तर डिव्हायडरने धरून ठेवलंय. बेस जागेवर, एमिटर वर सरकला, म्हणजे दोघांमधला फरक कमी झाला. फरक कमी झाला की करंट कमी. वाढणाऱ्या करंटने स्वतःच स्वतःला मागे खेचलं. उलट करंट कमी व्हायला लागला तर एमिटर खाली येतो, फरक वाढतो, करंट परत वर. 'निगेटिव्ह' हा शब्द एवढ्यासाठीच आहे, परिणाम कारणाच्या उलट दिशेने जातो. त्यात वाईट काही नाही, उलट मला तर इलेक्ट्रॉनिक्समधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पण वरची गोष्ट सांगताना मी 'आधी वाढतो, मग एमिटर वर जातो, मग कमी होतो' असं सांगितलं आणि इथे एक मोठी गल्लत होते, ती आत्ताच सोडवलेली बरी. ऐकणाऱ्याला वाटतं की करंट आधी उडी मारून वर जातो, मग फीडबॅकला कळतं, मग तो त्याला खाली आणतो, असं चक्र फिरत राहतं. तसं नसतं. इतक्या साध्या सर्किटमध्ये ऐकू येणाऱ्या सिग्नलच्या वेगाच्या हिशोबाने हे सगळं एकाच वेळी होतं, करंट आणि एमिटरचं व्होल्टेज हातात हात घालून एकाच जागी येऊन थांबतात. ती जागा कुठली, तर जिथे दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होतात: रेझिस्टर म्हणतो करंट इतका असेल तर व्होल्टेज इतकं, आणि ट्रान्झिस्टर म्हणतो फरक इतका असेल तर करंट इतका. दुसरी गल्लत म्हणजे फीडबॅक बदल पूर्ण पुसून टाकतो असं वाटणं. पुसून टाकला असता तर एमिटर हललाच नसता, आणि एमिटर हलला नाही तर बदल रोखला कोणी? थोडा बदल शिल्लक राहावाच लागतो, त्याच उरलेल्या बदलाच्या जोरावर फीडबॅक काम करतो. म्हणून वर ८ टक्के उरले, शून्य नाही.

उष्णतेचं तर विचारूच नका. ट्रान्झिस्टर जसा तापतो तसं त्याला त्याच करंटसाठी कमी बेस-एमिटर व्होल्टेज पुरतं, दर डिग्री सेल्सिअसला साधारण २ मिलीव्होल्ट कमी. २ मिलीव्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण करंट आणि या व्होल्टेजचं नातं सरळ रेषेचं नाही, ते असं आहे की १८ मिलीव्होल्ट वाढवले की करंट दुप्पट आणि ६० मिलीव्होल्ट वाढवले की दहापट. म्हणजे बेसवर व्होल्टेज घट्ट धरून ठेवलं आणि एमिटर थेट ग्राउंडला असला तर फक्त नऊ-दहा डिग्री तापमान वाढल्यावर करंट दुप्पट होईल, करंट वाढला की ट्रान्झिस्टर आणखी तापेल, आणखी करंट, आणि मोठ्या पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये हे असंच वाढत जाऊन तो जळतो. १ केचा रेझिस्टर खाली असेल तर २० डिग्री वाढले म्हणजे ४० मिलीव्होल्टचा फरक पडला, तो १.१ व्होल्टमध्ये मिसळून गेला, करंट साडेतीन टक्क्यांनी वाढला आणि गोष्ट तिथेच संपली.

इथवर फक्त डीसीबद्दल बोललो, म्हणजे सर्किट शांत बसलेलं असताना. आता सिग्नल येऊ दे.

एमिटर थेट ग्राउंडला असेल तर गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो तो, किती? ट्रान्झिस्टरच्या आत एमिटरला स्वतःचा एक छोटासा रेझिस्टन्स असतो असं धरायची पद्धत आहे, त्याची किंमत २५ मिलीव्होल्ट भागिले करंट. आपला करंट १.१ मिलीॲम्पियर, म्हणून साधारण २३ ओहम. कलेक्टरचा ४.७ के भागिले २३, गेन दोनशेच्या वर. आणि खाली १ के असेल तर? तर भागायचं १०२३ ने, गेन येतो ४.६. दोनशेवरून साडेचार! पहिल्यांदा हे बघितलं की कोणालाही वाटतं की हा कसला शहाणपणा, हातातला गेन असा फेकून द्यायचा. पण ४.६ हा आकडा आला कुठून ते बघा. ४.७ के भागिले १ के. दोन रेझिस्टरचं गुणोत्तर, बस. त्यात ट्रान्झिस्टर जवळजवळ नाहीच. करंट निम्मा झाला तर तो आतला २३ ओहम ४६ होतो, एमिटर ग्राउंडला असताना गेन तडक निम्मा झाला असता, आणि १ के असताना ४.६ चा ४.५ झाला. रेझिस्टर एक टक्का अचूकतेचा सहज मिळतो, तापमानाने फारसा हलत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो. ट्रान्झिस्टरमध्ये यातलं काहीच नाही. म्हणजे आपण भरपूर पण बेभरवशाचा गेन देऊन थोडा पण खात्रीचा गेन घेतला. आणि गेन परत मिळवणं अवघड नाही, आणखी एक ट्रान्झिस्टर पुढे लावला की झालं.

हा देवाणघेवाणीचा विचार पहिल्यांदा स्पष्टपणे केला तो हेरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअरने, बेल लॅब्समध्ये, तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हता, व्हॅक्यूम ट्यूब होत्या, ट्रान्झिस्टर आला १९४७ च्या डिसेंबरमध्ये. अडचण लांब पल्ल्याच्या टेलिफोनची होती, वाटेत ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर लावावे लागायचे आणि प्रत्येक ॲम्प्लिफायर आवाजात थोडा बिघाड घालायचा, असे कितीतरी एकामागे एक आले की तो बिघाड साठत जायचा. ब्लॅकने आधी जास्त सरळ ट्यूब मिळवायचा, बिघाड वेगळा काढून वजा करायचा असे बरेच प्रयत्न केले. मग २ ऑगस्ट १९२७ ला सकाळी कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत त्याला सुचलं की आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला द्यायचा, आणि त्याने जवळच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच आकृती आणि समीकरणं लिहून काढली. पेटंटचा अर्ज १९२८ चा, मिळालं १९३७ ला. नऊ वर्षं. त्या काळात गेन ही इतक्या कष्टाने मिळवायची गोष्ट होती की मुद्दाम गेन कमी करण्यात फायदा आहे हे लोकांच्या पचनी पडत नव्हतं, आणि मला वाटतं आजही शिकताना तीच अडचण येते.

ब्लॅकचं सूत्र शब्दांत सांगायचं तर असं: फीडबॅक लावल्यानंतरचा गेन म्हणजे मूळ गेन भागिले एक अधिक लूप गेन. लूप गेन म्हणजे मूळ गेन गुणिले जेवढा भाग आपण मागे पाठवतोय तो. मूळ गेन १००० आणि दहावा भाग मागे पाठवला तर लूप गेन १००, उत्तर १००० भागिले १०१, म्हणजे ९.९. आता मूळ गेन घसरून ५०० झाला, लूप गेन ५०, उत्तर ५०० भागिले ५१, ९.८. मूळ गेन अर्ध्यावर आला आणि बाहेर एक टक्क्याचा फरक दिसला. पुस्तकात या सूत्रात मागे जाणाऱ्या भागालासुद्धा बीटाच म्हणतात आणि ट्रान्झिस्टरच्या करंट गेनलाही बीटाच म्हणतात, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, शिकणारे यात हमखास अडकतात, तेव्हा कुठला बीटा चाललाय ते दर वेळी बघून घ्या. आपल्या सर्किटला हेच सूत्र लावायचं तर एक अधिक लूप गेन म्हणजे १०२३ भागिले २३, साधारण ४५. हा ४५ लक्षात ठेवा, तो परत परत येतो. गेन ४५ पट कमी झाला.

आणि डिस्टॉर्शन, म्हणजे लाटेचा आकार बिघडणं? तेही तेवढंच कमी होतं, आणि माझ्या मते गेन स्थिर होण्यापेक्षा हा फायदा मोठा आहे कारण तो कानाला कळतो. मघाशी म्हटलं की करंट आणि बेस-एमिटर व्होल्टेजचं नातं सरळ नाही. एमिटर ग्राउंडला असताना बेसवर फक्त १० मिलीव्होल्ट वर, १० मिलीव्होल्ट खाली असा सिग्नल दिला तर वर जाताना करंट जवळजवळ ४९ टक्क्यांनी वाढतो पण खाली जाताना फक्त ३३ टक्क्यांनी कमी होतो. गोल सारखी लाट आत गेली आणि एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला चेपलेली लाट बाहेर आली. मोजलं तर यात साधारण १० टक्के दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ सिग्नलच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीची भेसळ, सापडतो, १० टक्के म्हणजे स्वच्छ आवाजाची आशा सोडायची. आता १ के खाली असताना आउटपुटला तेवढीच लाट मिळवायची तर इनपुटला ४५ पट जास्त, म्हणजे ४५० मिलीव्होल्ट द्यावे लागतील, पण त्यातले ४४० एमिटर स्वतः वर-खाली होऊन परत करतो आणि ट्रान्झिस्टरला दिसतात ते फक्त १०. बरं, हे १० पण साधे गोल १० नसतात. जिथे ट्रान्झिस्टर जास्त फुगवतो तिथे एमिटर जास्त वर जातो आणि त्याला कमी मिळतं, जिथे चेपतो तिथे एमिटर मागे राहतो आणि त्याला जास्त मिळतं. म्हणजे ट्रान्झिस्टरला मिळणारा सिग्नल आधीच उलट्या बाजूने वाकडा करून मिळतो, वाकड्यात वाकडं मिसळून सरळ बाहेर येतं. डिस्टॉर्शन १० टक्क्यांवरून ०.२ च्या आसपास. परत ४५ पट.

एक मात्र आहे, हे सगळं ट्रान्झिस्टरमध्ये जीव असेपर्यंतच. सिग्नल इतका मोठा केला की कलेक्टर खाली आपटला किंवा करंट शून्यावर गेला, तर तिथे गेनच उरत नाही, लूप गेन नाही तर फीडबॅक नाही. म्हणून फीडबॅकवाल्या ॲम्प्लिफायरचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम फाटतो, हळूहळू बिघडत नाही.

मग बहुतेक सर्किटमध्ये एमिटरच्या रेझिस्टरला समांतर एक मोठा कपॅसिटर का असतो? सगळीकडे लिहिलेलं असतं की हा बायपास कपॅसिटर गेन वाढवतो. मला ही वाक्यरचनाच चुकीची वाटते, कपॅसिटर काहीही वाढवत नाही, तो सिग्नलपुरता फीडबॅक बंद करतो. कपॅसिटर भरलेल्या टाकीसारखा एमिटरचं व्होल्टेज एका जागी धरून ठेवतो, सिग्नल वर-खाली झाला तरी एमिटर हलत नाही, एमिटर हलला नाही की उंचीतला फरक पूर्णच्या पूर्ण ट्रान्झिस्टरला दिसतो, आणि आपण परत दोनशेच्या गेनवर, सोबत ते १० टक्के डिस्टॉर्शनही घेऊन. पण तापमान किंवा बीटामुळे होणारे बदल फार सावकाश असतात, तेवढ्या सावकाश बदलांना कपॅसिटर धरून ठेवू शकत नाही, एमिटर हलतो, त्यामुळे डीसीचा फीडबॅक शाबूत राहतो. एकाच रेझिस्टरमध्ये दोन फीडबॅक आहेत, एक शांत करंट सांभाळणारा आणि एक सिग्नल सांभाळणारा, आणि कपॅसिटर लावून आपण दुसऱ्याला सुट्टी देतो.

या कपॅसिटरची किंमत काढताना एक चूक इतकी सरसकट होते की थांबून सांगतोच. लोक १ के धरून हिशोब करतात आणि १० मायक्रोफॅरड लावतात, मग आवाजात खर्ज का नाही म्हणून शोधत बसतात. कपॅसिटरला एमिटरवर १ के दिसत नाही, त्याला त्या १ केच्या समांतर ट्रान्झिस्टरचा आतला २३ ओहम दिसतो, म्हणजे जवळजवळ २३ ओहमच. १० मायक्रोफॅरड आणि २३ ओहम यांचा कटऑफ येतो ७०० हर्ट्झच्या आसपास, त्याच्या खालच्या सगळ्या आवाजांना गेन कमी मिळतो. १०० मायक्रोफॅरड लावला तर ७० हर्ट्झ, तिथे कुठे काम बरं चालतं.

ना धड दोनशे, ना धड साडेचार, असं मधलं हवं असेल तर एमिटरचा रेझिस्टर दोन तुकड्यांत घ्यायचा, वर १०० ओहम मोकळा, खाली ९१० ओहम आणि कपॅसिटर फक्त खालच्याला. गेन ४.७ के भागिले १२३, म्हणजे ३८. करंट निम्मा झाला तरी ३२ राहतो. मी स्वतः काहीही बांधताना हीच रचना वापरतो, पूर्ण बायपास केलेला एमिटर मला आवडत नाही.

इनपुटचा रेझिस्टन्सही याच कारणाने वाढतो. एमिटर बेसच्या मागोमाग हलतो त्यामुळे बेसला जोर फारसा लावावा लागत नाही, बीटा २०० धरला तर बेसमध्ये बघताना ४.६ के दिसत होते ते आता २०० केच्या वर दिसतात. पण डिव्हायडरचे ५६ के आणि १० के समांतर बसलेलेच आहेत, त्यांचे साडेआठ के होतात, त्यामुळे प्रत्यक्षात स्रोताला ८ केच दिसतात. फीडबॅकने दिलेलं डिव्हायडरने खाल्लं.

ज्यांना वायर दिसल्याशिवाय समाधान होत नाही त्यांच्यासाठी दुसरा प्रकार आहे, तिथे ती खरोखर दिसते. एमिटर थेट ग्राउंडला, आणि बेसचा रेझिस्टर सप्लायऐवजी कलेक्टरला जोडायचा, समजा १ मेगाओहम. करंट वाढला की कलेक्टर खाली येतो, कलेक्टर खाली आला की बेसला मिळणारा करंट कमी, झालं. १०० बीटाला कलेक्टर ८.३ व्होल्टवर बसतो, २०० ला ६.५, ४०० ला ४.६ आणि ८०० लासुद्धा ३ व्होल्ट. डिव्हायडरवाल्या सर्किटइतकं घट्ट नाही, पण एकच रेझिस्टर इकडचा तिकडे जोडला आणि ८०० बीटावर मरणारं सर्किट जिवंत राहिलं, ही किमया कमी नाही. इथे लूप गेन कमी आहे म्हणून पकड सैल आहे, एवढाच फरक.

मग लूप गेन हवा तेवढा वाढवत का नेत नाही? दोन ट्रान्झिस्टर एकामागे एक लावून दुसऱ्याच्या कलेक्टरवरून पहिल्याच्या एमिटरला रेझिस्टर आणायचा हे फार जुनं आणि चांगलं सर्किट आहे, तिथे मागे आणणारा ४.७ के आणि एमिटरखाली १०० ओहम असले तर गेन ४८, आणि लूप गेन एका ट्रान्झिस्टरपेक्षा कितीतरी जास्त मिळतो. पण पायऱ्या वाढवत गेलं की वेगळंच संकट येतं. प्रत्येक पायरी वरच्या फ्रीक्वेन्सीला सिग्नल थोडा उशिरा देते, एक पायरी जास्तीत जास्त ९० डिग्री मागे टाकू शकते. तीन पायऱ्या झाल्या की कुठल्यातरी फ्रीक्वेन्सीला हे मागे पडणं १८० डिग्री होतं, म्हणजे उलटा करून पाठवलेला सिग्नल परत सुलटा होऊन येतो. रोखणारा हातच ढकलायला लागतो. त्या फ्रीक्वेन्सीला लूप गेन एक किंवा जास्त शिल्लक असला तर ॲम्प्लिफायर आपोआप शिट्टी मारायला लागतो, माईक स्पीकरसमोर नेल्यावर जे होतं तेच. हे किती आणि कधी होईल याचा नियम हॅरी नायक्विस्टने १९३२ मध्ये मांडला, तोही बेलमधलाच. आपल्या एका ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरला साधारणपणे ही भीती नाही, उशीर व्हायला तिथे तेवढ्या पायऱ्याच नाहीत.

अजून एक समज सगळीकडे ऐकू येतो की निगेटिव्ह फीडबॅकने नॉइज कमी होतो. पहिल्या ट्रान्झिस्टरचा स्वतःचा सूं असा आवाज सिग्नलसोबतच आत शिरतो, फीडबॅक दोघांना सारखंच खाली आणतो, त्यांचं आपसातलं प्रमाण सुधारत नाही, उलट बायपास न केलेला एमिटर रेझिस्टर स्वतःचा थोडा नॉइज त्यात घालतो. फीडबॅक बिघाड सुधारतो तो लूपच्या आत नंतर निर्माण झालेला. आत येतानाच सिग्नलमध्ये मिसळलेलं काही त्याला वेगळं ओळखता येत नाही.

हे सगळं एका ब्रेडबोर्डवर तपासता येतं आणि तपासावंच. डिव्हायडरवालं सर्किट लावा, एमिटरवर मल्टिमीटर ठेवा, १.१ व्होल्टच्या जवळपास आकडा दिसेल. ट्रान्झिस्टर काढून वेगळ्या गटाचा लावा, आकडा थोडासाच हलेल. ट्रान्झिस्टरला चिमटीत धरून गरम करा, काही मिलीव्होल्ट वर सरकेल आणि थांबेल. मग १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एमिटरला लावून थोडा सिग्नल द्या आणि आउटपुट ऐका, मोठा पण खरखरीत. आता मल्टिमीटर एमिटरवर तसाच ठेवून कपॅसिटरचा एक पाय उपसा. आवाज एकदम बारीक आणि स्वच्छ होईल, आणि मल्टिमीटरवरचा आकडा जवळपास तिथल्या तिथेच राहील.